हातावर वाजवलेला सिनेमा

“थांबा माय, एवढं वाजू द्या!” असं म्हणून अण्णा हातातलं कापड तसंच धरून उभे राहायचे. बीदरजवळ मैलूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ब्लाउजपीसचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी मोबाईलवर कुठला ना कुठला जुना सिनेमा चालू असायचा. पडद्याकडे ते क्वचितच बघायचे. कान मात्र तिकडेच. एखादा करुण सूर लागला की मीटरपट्टी हवेत थांबायची. गिऱ्हाईक वैतागलं तर म्हणायचे, “पोरगी सासरी जायलीय तिथं. अशात कापड कसं फाडू मी?”

मी शाळेत शिकवते, त्यांच्या समोरच्याच घरात राहते. रविवारी दुपारी त्यांच्याकडे टीव्हीसमोर बसायचं, हे माझं ठरलेलं. खऱ्या शौकीन त्यांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी अक्कांच्या डोळ्यांत यायचं.

“अजून काहीच झालं न्हाई, कामून रडायलीस?” अण्णा चिडवायचे.

“सारंगी सुरू झाली की वो! आता काय चांगलं व्हायचंय?”

तुम्हीही आपापल्या घरी हे पाहिलं असेल. पुढं काय होणार ते सुरांना आधी कळतं आणि आपल्याला त्यांच्याकडून.

मग अक्कांना मोठा ताप आला. त्यातून उठल्या, पण कान गेले. डॉक्टरांनी यंत्र दिलं, त्यातून नुसती घरघर यायची. शेवटी ते कपाटात गेलं. समोरच्याचे ओठ बघून थोडंफार कळायचं, तरी अक्कांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. आणि सिनेमा सोडला. अण्णांनी पडद्यावर खाली कन्नड अक्षरं येतील असं करून दिलं. अर्धा तास बघून अक्का उठल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

“कळतंय की सगळं,” त्या म्हणाल्या. “पण आत काही येत न्हाई. माणसं नुसती तोंडं हलवायलेत.”

अण्णांना हे फार लागलं. पुढच्या रविवारी ते पाटी घेऊन बसले. रडण्याचा प्रसंग आला की पाटीवर लिहायचे, ‘दुःखाचं संगीत’. अक्का खो खो हसल्या. “लिवून दिल्यावर रडू येतंय व्हय?”

मग कुठून तरी एक भला मोठा स्पीकर आणला आणि अक्कांचा तळहात त्यावर ठेवला. ढोल तेवढा हाताला लागला, बासरी काही लागेना. खिडक्या मात्र थरथरल्या आणि शेजारची मंडळी भांडायला आली.

एका दुपारी मी दोरा घ्यायला दुकानात गेले, तर अण्णा डोळे मिटून स्वतःच्या मांडीवर बोटं फिरवत होते. मी विचारलं, “काय करायलाव अण्णा?”

“शिकायलोय बाई,” ते लाजून म्हणाले. “ढोल बोटाच्या पेरानं जमतोय. बासरी जमना.”

त्या रविवारी त्यांनी अक्कांचं मनगट हातात घेतलं. पडद्यावर कुणाची तरी अंत्ययात्रा निघाली होती. अण्णांचं बोट मनगटावर फिरलं आणि अक्कांना गुदगुल्या झाल्या. इतक्या हसल्या, की मलाही आवरेना. अण्णा रुसून दुकानात जाऊन बसले.

पण सोडलं नाही त्यांनी. आधी दुकानात सिनेमा ऐकायचा, मांडीवर वाजवून बघायचं, मग घरी. असे कितीतरी रविवार गेले. एकदा पडद्यावर एक म्हातारा मुलीला गाडीत बसवून रिकाम्या घरी परत आला. कोणी एक शब्द बोललं नाही. खाली अक्षरंही नव्हती. अण्णांचं बोट अक्कांच्या मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू सरकलं, तिथं थरथरलं आणि मग त्यांनी हात उचलूनच घेतला. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, तरी आम्ही कोणी उठलो नाही. अक्का रडत होत्या. किती दिवसांनी!

“सनई होती का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई. बासरी.”

“मला तर सनईच वाटली.”

“मग सनई म्हण की!” अण्णा म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं स्वतःचे डोळे पुसले.

पुढं त्यांनी अक्कांना बीदरच्या थिएटरातही नेलं. मीही सोबत होते. हातात हात घेतलेलं म्हातारं जोडपं बघून मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. अण्णा वळले. “हसा बाबा, पण हळू हसा. काम चालू हाय.”

त्यानंतर अक्का लग्नालाही जाऊ लागल्या, मनगट अण्णांच्या हाती देऊन.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी दुकानात बसल्या जागी, दुखणं न काढता. लेक हैदराबादला चला म्हणाली, पण अक्का इथंच राहिल्या. बरेच दिवस त्यांचा टीव्ही बंद होता. मग एका रविवारी आपणहून माझ्याकडे आल्या आणि सोफ्यावर ऐसपैस बसल्या. मी सिनेमा लावला. धीर करून त्यांचं मनगट हातात घेतलं, तर त्यांनी ते अलगद सोडवून घेतलं. “ऱ्हाऊ द्या बाई, तुमचं तुमी बघा.”

पडद्यावर एक बाई फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. अक्कांचे डोळे भरून आले. मी खुणेनंच विचारलं, काय झालं?

“ह्यात काय वाजायलंय मला काय ठाऊक?” त्या ओल्या डोळ्यांनी हसल्या. “मी माझं लावलंय.”