पूर्णेपलीकडची शहरं

जग पाहिलेली माणसं मला पुढे पुष्कळ भेटली, पण आमच्या आतोबांइतकं जग पाठ असलेला माणूस दुसरा भेटला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धंदा कापडाचा, आणि तोही आठवडी बाजारातला. बैलगाडीत गाठोडी टाकायची आणि आज हट्टा, उद्या औंढा, परवा जवळा बाजार असं फिरायचं. रेल्वेने ते पूर्णा जंक्शनच्या पुढे कधी गेले नव्हते. मात्र हिंगोलीच्या छावणीतून बाडबिस्तरा आवरून गेलेल्या कुणा साहेबाचं एक जाडजूड पुस्तक त्यांना तरुणपणी मिळालं होतं. आत जगातल्या देखण्या शहरांची चित्रं. इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून एका पोस्टमास्तरांकडून मजकूर समजून घेऊन त्यांनी तो पाठच केला, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकांची सुटका संपली.

त्यांनी बाजारांना शहरं वाटून दिली होती. हट्ट्याला पॅरिस, औंढ्याला इस्तंबूल, जवळ्याला इटलीतली शहरं. यात बदल नाही. औंढ्यात कुणी पॅरिसचं विचारलं तर "ते हट्ट्याच्या बाजारी या," असं सांगून मोकळे. सांगायची रीत अशी, की ऐकणारा जणू उद्याच गाडी जुंपणार आहे. उतरायचं कुठं, बैलांना सावली आहे का, पाणी किती लांब. पाण्यावर त्यांचा फार जोर. व्हेनिसबद्दल ते बायकांना सांगत, "दार उघडलं की पायरीला पाणी. कळशी बुडवायची अन् मागं फिरायचं." हे ऐकून एका बाईने आपल्या लेकीसाठी तिकडचं स्थळ बघायला सांगितलं होतं. मी पडलो जवळ्याचा शाळामास्तर, बाजारी त्यांच्या गादीवर जाऊन बसणारा. ते पाणी समुद्राचं, खारट असतं, असं बोलून गेलो. आतोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. लोक हसत, कापड घेत आणि जात. माल चोख आणि मोजताना हात सैल, म्हणून शहरंही सोसली जात.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली, फौजेत मोटार चालवून परतलेला हट्ट्याकडचा एक जवान जवळ्याच्या बाजारात आईसाठी लुगडं घ्यायला आला. आतोबांचं फ्लॉरेन्स रंगात आलं होतं. नदी, तिच्यावरचे पूल, त्यातल्या एका पुलावर तर सोनारांची दुकानं. जवान मध्येच म्हणाला, "मी गेलतो तितं."

आजूबाजूची माणसं थबकली. पानवाला दुकान सोडून आला. इतकी वर्षं सांगितलेलं खरं की थापा, याचा निकाल आता चारचौघांत लागणार होता. आतोबांनी कापड मोजायचा गज खाली ठेवला. एरवी मीच त्यांची थट्टा करणारा, पण आज ते खरे ठरावेत असं मलाही वाटलं.

"मग सांग बाबा," ते म्हणाले. "लबाड ठरलो तर ठरलो."

जवान खाली बसला. "पूल पाण्यात पडले होते, काका. जर्मनांनी जाताना सुरुंग लावून पाडलेले. सोनारांच्या दुकानांचा पूल तेवढा उभा होता. धुळीनं काहीच दिसून न्हाई राहिलं. दोन दिस थांबलो अन् पुढं गेलो. लई वाटायचं, हे गाव चांगलं होतं तवा कसं दिसत असंल? तुमाला ठावं हाय तर सांगा न."

आजवर इतक्या आर्जवाने त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. आतोबांनी लुगडं बाजूला ठेवलं, जवानाला गादीवर जवळ घेतलं आणि सांगायला लागले. या खेपेला हळू, एकेक पूल, आणि मध्येच "त्याच्या पल्याडचं मला ठावं न्हाई बाबा" असं म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. जवान मान खाली घालून ऐकत होता. कुणी हसलं नाही.

त्यानंतर आतोबा कुठलंही शहर सुरू करण्यापूर्वी माझ्याकडे वळायचे, कारण वर्तमानपत्र वाचणारा मीच. "मास्तर, ते उभं हाय न अजून?" लढाई संपून वर्ष झालं तरी विचारायचे. मला बहुतेक वेळा ठाऊक नसायचं, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून खोटं बोलवत नसे. मग त्या बाजारी आतोबा नुसतंच कापड मोजत.