चाळीस अंशांची चूक

आधीच सांगते, आमच्या घरात भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं काहीच चालत नाही. आम्ही विहारात जातो, पुस्तकं वाचतो आणि आजारी पडलो की डॉक्टरकडे जातो. घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि तेही फिजिक्स घेऊन. आज एका एअरलाइनमध्ये को-पायलट आहे. हे मिरवायला सांगत नाही — म्हणजे, थोडं मिरवायलाच सांगते. पण मुद्दा असा की मी चटकन कशावर विश्वास ठेवणारी नाही. तरी ही एक गोष्ट सुटत नाही, म्हणून इथं लिहिते.

तेव्हा मी अमरावतीजवळ, बेलोऱ्याच्या विमानतळावर विमान शिकत होते. संस्थेचं नाव देत नाही, कारण चूक माझी होती. अकोल्यापर्यंत एकटीनं जायचं, तिथल्या धावपट्टीवरून वळसा घालून परत यायचं. माझी पहिली लांबची सोलो. आदल्या दिवशी बाबा भेटायला आले. ते तेल्हारा-अकोला काळीपिवळी चालवतात. गाडीच्या डॅशबोर्डवरची बुद्धाची बोटभर मूर्ती काढून आणली होती, बुडाला लोहचुंबक असलेली.

"हे घे. आठ वर्सं झाले माह्या गाडीत हाय, खरचटलंबी नाई."

"बाबा, ते विमान हाय. काळीपिवळी नाई."

"मंग? त्यालेबी चाकं असतातच ना?"

नाही म्हणवलं नाही.

आता थोडं समजावून सांगते. त्या जुन्या ट्रेनर विमानात दिशा दाखवणाऱ्या दोन वस्तू. वर काचेपाशी होकायंत्र, पाण्यातल्या बुडबुड्यासारखं डुलणारं. खाली जायरोची, म्हणजे आत भोवरा फिरणारी तबकडी, एकदम स्थिर. पण तबकडीला स्वतःहून उत्तर-दक्षिण कळत नाही. उडण्याआधी होकायंत्र बघून ती आपणच फिरवून जुळवायची. मग हवेत तिच्या भरवशावर जायचं. जीपीएस त्या विमानात नव्हतं.

सकाळी पावणेआठ. उन्हाळा. मी मूर्ती समोर ठेवली — टक्क करून चिकटली — बरोबर होकायंत्राच्या खाली. मग तबकडी जुळवली. मग वाटलं, आमचे इन्स्ट्रक्टर पटवर्धन सर बघतील आणि पुणेरी भाषेत सोलतील. म्हणून मूर्ती काढून बॅगेत टाकली. लोहचुंबकानं होकायंत्र चाळीस अंश वाकडं झालेलं, त्यावरून मी तबकडी लावलेली, आणि आता चुंबक उचललेलं. फिजिक्सची पदवी! कोणाला सांगू?

ही चूक धावपट्टीवरसुद्धा पकडता येते. बेलोऱ्याची धावपट्टी दोनशे साठ अंशांवर, म्हणजे तिच्यावर उभं राहिलं की तबकडीनं दोनशे साठच दाखवायला पाहिजे. उडण्याआधीच्या तपासणीच्या यादीत तसं लिहिलेलं असतं. मी मोठ्यानं म्हटलं, "हेडिंग दोन-सहा-शून्य, चेक्ड." तबकडीवर बोटही ठेवलं. तबकडी दोनशे वीस दाखवत होती. मी बोललेही, बोटही ठेवलं — पाहिलं नाही. आता एअरलाइनमध्ये समजतं, वीस-वीस वर्षांचे कॅप्टनही हेच करतात. एक वाचतो, दुसरा 'चेक्ड' म्हणतो, आणि दोघांचे डोळे भलतीकडे.

उडाले. तबकडी दोनशे वीस दाखवत होती, मला दोनशे साठ पाहिजे होतं, म्हणून उजवीकडे वळले आणि छान स्थिर झाले. खाली नुसतं धुरकट. दहा-बारा मिनिटांनी एक गाव आलं, त्यातून जाणारे रूळही दिसले. म्हटलं, अकोल्याच्या वाटेवरचं मूर्तिजापूर. वेळही बरोबर. ते दर्यापूर होतं, वाटेच्या बरंच उत्तरेला. आणि ते रूळ म्हणजे बंद पडलेली छोटी लाइन. समोर एक काळपट रेघ दिसत होती, मला ती ढगांची वाटली. माझी उंची तीन हजार फूट.

तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला. बाईचा, वयस्क, दम लागल्यासारखा.

"वं माय, ऊन खांद्यावर कावून आलं तुह्या? पाठीवर पायजे ना."

एवढंच. मी उजवीकडे पाहिलं. ऊन खरंच उजव्या खांद्यावर होतं. सकाळच्या वेळी अकोल्याकडे जाताना ते सरळ पाठीवर यायला पाहिजे. मान वर केली. होकायंत्र, तीनशे. तबकडी, दोनशे साठ. ती काळी रेघ म्हणजे सातपुडा होता, मेळघाटाचे डोंगर, माझ्या तीन हजार फुटांपेक्षा उंच. त्या धुरकटात अजून दहा मिनिटं तशीच गेले असते तर... लिहवत नाही.

त्याच वेळी टॉवर इंग्रजीत म्हणाला, "से अगेन?" मी काही बोललेच नव्हते. "डिसरिगार्ड", म्हणजे दुर्लक्ष करा, म्हटलं, अकोला सोडून दिलं आणि डावीकडे दक्षिणेला वळले. मोठी रेल्वे लाइन सापडली आणि तिच्या काठाकाठानं बेलोऱ्याशेजारच्या बडनेऱ्याकडे परत आले.

गप्प बसता आलं असतं. धुरकट होतं, अकोला दिसलं नाही, परत आले — सगळ्यांनी मान्य केलं असतं. सांगितलं तर सोलो बंद होणार हे माहीत होतं. पण पुढच्या वेळी मागं चाळीस लोक बसलेले असतील... मूर्तीसकट सगळं सांगितलं. आवाजाचं तेवढं नाही.

सर म्हणाले, "धावपट्टी सरळ अकोल्याकडे तोंड करून आहे. नाकासमोर गेली असतीस तरी पोचली असतीस. वळलीस कशाला?"

सोलो बंद झाली, पुन्हा सरांबरोबर उडायचं ठरलं. ते ठीकच होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी परत बोलावलं. टॉवरनं तक्रार केली होती की तुमची विद्यार्थिनी रेडिओवर कोणाशी गप्पा मारते. तिथं सगळं रेकॉर्ड होतं. आम्ही दोघांनी टॉवरमध्ये बसून ऐकलं. माझाच आवाज, स्वच्छ.

"हो वं माय, पायतो."

मी हे बोलल्याचं मला आठवत नाही. आजही नाही. रेडिओवर मी वऱ्हाडीचा एक शब्द येऊ देत नव्हते, माझ्या इंग्रजीचा मला फार तोरा होता.

"कोणाला म्हणालीस?" सरांनी विचारलं. तेव्हा मी आवाजाचं सांगितलं. ते हसले नाहीत. "आजी वगैरे?"

"नाही सर. दोन्ही आज्या जिवंत आहेत. एक तर विमानाचा आवाज आला की घरात पळते."

सरांनी टेप मागे घेतली. मनाचा खेळ असेल, ताणात कान वाजतात, असं काहीतरी सांगत होते. मला पटतही होतं. मीही तेच म्हणाले असते. मग ते बोलता बोलता थांबले आणि आवाज वाढवला.

फ्रिक्वेन्सीवर कोणी बोलत नसलं की टेपवर बारीक खरखर असते. कोणी विमानात बोलायचं बटण दाबलं की ती खरखर बंद होते, मग तो बोलो न बोलो. माझ्या त्या वाक्याच्या आधी खरखर थांबली होती. चार सेकंद, अगदी शांत. मग पुन्हा सुरू. आणि मग मी.

त्या बाईचं उन्हाचं वाक्य मी घड्याळ लावून म्हणून पाहिलं आहे. खूप वेळा. दरवेळी चार सेकंद लागतात.

सरांनी टॉवरला त्या वेळची नोंद मागितली. कोणाचं बटण अडकलं होतं का, शेजारून कोणी जात होतं का, सगळं तपासलं. काही निघालं नाही. टॉवरचंही बटण दाबलेलं नव्हतं.

त्या सकाळी त्या फ्रिक्वेन्सीवर, हवेत, मी एकटीच होते.