सालमी रोडवरचं वाया गेलेलं हरीण

कुवेतमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं गावाकडून येणारा प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: समुद्र, मॉल, आणि थंडीत वाळवंट. पहिल्या दोन गोष्टी अबू हलिफात राहणाऱ्याला रोजच्याच. तिसरीसाठी गेल्या हिवाळ्यात निघालो ते मामूंमुळे.

मामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ आणि माझे सासरेही. आम्हा कोकणी मुसलमानांत मामाची मुलगी करतात, त्यामुळे एकाच माणसात दोन नाती, आणि दोन्हींकडून ओरडा खायचा. श्रीवर्धनकडच्या गावातून ते तरुणपणी इथे आले. इराकने कुवेत घेतलं त्या लढाईत सगळं टाकून पळाले, लढाई संपल्यावर पुन्हा त्याच कफिलाकडे हजर झाले. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिजा असतो तो मालक. मामूंचे कफील बू फहद, त्यांची सालमियात पडद्यांची आणि गालिच्यांची दुकानं. मामूंनी त्यांची गाडी चालवली, गोदाम सांभाळलं, त्यांची पोरं शाळेत पोचवली आणि त्या पोरांची पोरंही पोचवली.

आता मामू कायमचे गावी निघाले होते. तिकीट हातात होतं. पण नसरीनला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेले होते आणि सासूबाई हयात नाहीत, म्हणून बाळंतपणाच्या वेळी व्हिजिट व्हिजावर परत यायचं हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाप लेकीचं बाळंतपण करणार म्हणून बिल्डिंगमधले लोक हसले. मामू म्हणाले, "हसू दे. मेथीचा लाडू वळायला काय बाईचाच हात लागतो?"

निघण्याआधी बू फहद त्यांना म्हणाले, "इब्राहिम, इतना साल इधर, बर्र में कभी नहीं आया?" बर्र म्हणजे वाळवंट. थंडी पडली की कुवेती माणूस घर सोडून तिथे तंबू ठोकतो. या वेळी तंबूवर शिकारही आहे, हरणाची, असं बू फहद म्हणाले आणि मामू एकदम ताठ बसले. त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, लहानपणी ते भेकराच्या शिकारीला हाकाऱ्यांत असायचे. मग आपल्याकडे शिकारबंदीचा कायदा आला. त्या घराने बंदूक स्वतः नेऊन पोलीस ठाण्यात जमा केली आणि पुन्हा कोणी रानात गेलं नाही. म्हणून मामूंनी पहिला प्रश्न केला तो परवानगीचा.

"परमिशन है ना, बू फहद?"

"अरे, बर्र हमारा, हिरन हमारा. किससे पूछेगा?"

मामूंना वाटलं, ज्याचा देश त्याला माहीत. मलाही तेच वाटलं.

गुरुवारी दुपारी निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो: फाहाहीलचा एक्सप्रेसवे धरायचा, रिंग रोडने जहराकडे वळायचं, आणि जहरा मागे पडलं की सालमीचा रस्ता सरळ पश्चिमेला जातो, इतका सरळ की डुलकी लागते. पेट्रोल जहरातच भरा. बर्फ, पाणी आणि खुबूस, म्हणजे इथली रोटी, हेही तिथेच घ्या, पुढे मिळेलच याचा भरवसा नाही. स्वेटर घ्या. वाळवंट म्हणजे ऊन ही समजूत डिसेंबरात पहिल्याच संध्याकाळी दात वाजवून दुरुस्त होते. आणि डांबरी सोडून वाळूत उतरायचं असेल तर साधी गाडी नेऊ नका. आमची कोरोला रुतली, तेव्हा तंबूवरच्या जीपने ओढून काढली आणि त्यावर सगळे पोटभर हसले.

तंबू म्हणायचा एवढंच. आत गालिचे, लोड, हीटर, बाहेर जनरेटर आणि टीव्हीची डिश. मोठ्या परातीत कोंबडीचा मजबूस आला, म्हणजे त्यांचा मसालेभात. चव सौम्य, पण भात सुरेख मोकळा शिजलेला. बू फहदचे तीन दोस्त होते, हसरे, दिलदार. चहा स्वतःच्या हाताने ओतून देत होते. पाहुणचारात कुवेती माणसाला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

सकाळी धुकं विरल्यावर पिकअपमधून लाकडी पिंजरा उतरवला. आत हरीण होतं. इथल्या वाळवंटात हरणं कधीच संपली, हे कोणीतरी शेतावर पाळलेलं होतं. भेकरापेक्षा उंच, पोटाखाली पांढरं, डोळ्यांत सुरमा घातल्यासारखं. दार उघडलं तरी ते पळेना. दोन पावलं चाललं आणि वळून माणसांकडेच बघत उभं राहिलं, कारण माणूस दिसला की चारा मिळतो एवढंच त्याला ठाऊक होतं. शेवटी जीपचा हॉर्न वाजवून त्याला पळवावं लागलं.

मामू हळूच मला म्हणाले, "ह्याला शिकार म्हणतात? ह्याच्यापरीस बाजारातला बोकड बरा."

एका दोस्ताने झाडलेली गोळी पोटात लागली. जनावर खाली बसलं, पण मेलं नाही. सगळे फोनवर फोटो काढायला पुढे झाले. मामू धावले. या वयात ते इतकं धावतील असं मला वाटलं नव्हतं. गुडघ्याखाली मान दाबून, अल्लाचं नाव घेऊन त्यांनी सुरी फिरवली तेव्हा जनावरात जीव होता, म्हणून गोश्त हलाल झालं. क्षणभर उशीर झाला असता तर वांधा होता, कारण गोळी झाडताना त्या दोस्ताच्या तोंडात अल्लाचं नाव होतं की सिगारेट, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं.

मग मामू कामाला लागले. उतारावर डोकं खाली करून रक्त वाहू दिलं. पोटात गोळी म्हणजे आतडं फुटलेलं, त्याची घाण मटणाला लागली की सगळं वाया, म्हणून घाई. दोन बोटं आत घालून, पातं वर धरून त्यांनी पोट उघडलं, फुटला भाग दोऱ्याने बांधला, आतडी अखंड बाहेर ओढली. काळीज उजेडात धरून डाग बघितले. पाणी लावू दिलं नाही, कोरड्या फडक्यानेच पुसलं. फासळ्यांत काठी अडकवून पोट उघडं ठेवलं, वारा लागावा म्हणून. आणि करता करता हिशेब सांगत होते, आमच्या गावच्या शिकारीचा: नेम धरणाऱ्याचा वाटा निराळा, हाकाऱ्यांचा निराळा, आणि शिकार घेऊन येताना वाटेत जो भेटेल त्यालाही मूठभर द्यायचं, मग तो वैरी का असेना.

"आता ह्या थंडीवर भागायचा नाय," ते मला म्हणाले. "दुपार चढेल. जा, बर्फ घेऊन ये. बू फहदच्या घरी एक मांडी, ह्या तिघांना वाटे, नि थोडा नसरीनला."

मी जहराला गेलो. बर्फाच्या पिशव्या डिकीत टाकून परतलो तेव्हा जीपा नव्हत्या. तंबू उघडा होता, जनरेटर चालू होता आणि हरणाशेजारी गस्तीची गाडी उभी होती. मामू वाळूत उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत रक्ताने माखलेले.

झालं होतं ते सरळच. लांबून धुरळा दिसला, कोणाचा तरी फोन आला आणि बू फहद म्हणाले, "खल्ली वल्ली, इब्राहिम, छोड़ो, चलो." खल्ली वल्ली म्हणजे सोडून दे, मारो गोली. इथे त्या दोन शब्दांत कशाचाही निकाल लावता येतो. मामूंना जीपमध्ये जागा होती. ते बसले नाहीत. अल्लाचं नाव घेऊन कापलेलं जनावर कुत्र्यांना टाकून जायचं, हे त्यांच्याने झालं नाही. "दोन मिनिटं," म्हणाले. दोन मिनिटं कोणी थांबलं नाही.

गस्तीवाले वाईट नव्हते. त्यातला थोराड माणूस मामूंना चाचा म्हणत होता. पण शिकारीला बंदी, समोर गोळी लागलेलं जनावर आणि सुरी धरलेला एकच माणूस. त्याने काय करायचं? मी बू फहदचं नाव सांगितलं, गाडीचा नंबर सांगितला, तंबू कोणाचा ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून मामूंना विचारलं. मामू म्हणाले, "मेरा कफील आएगा. वो बोलेगा."

गस्तीवाले मामूंना ठाण्यात घेऊन गेले. बू फहद आले, नाही असं नाही. ठाण्यात मामूंना मिठी मारली, गालाला गाल लावले, येताना गरम चहा आणि सँडविच आणलं. मग ते आणि त्यांचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांची कामं करणारा माणूस, आत जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा दोघांचे चेहरे मोकळे होते.

"कोर्ट नहीं, जेल नहीं," बू फहद म्हणाले. "इब्राहिम वैसे भी जाने वाला है. थोडा जल्दी जाएगा. इधर से सीधा एअरपोर्ट."

"बंदूक कोणाची ते नाही सांगितलंत?" मी विचारलं. ते माझ्याकडे प्रेमाने बघून हसले, लहान मूल काहीतरी बोललं तर बघावं तसं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तो उपयोग फारच साधा होता, हे ठाण्यात कळलं. इथे संन्याशाला चहाही पाजतात.

मामूंनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, गोश्ताचं काय. ते नष्ट करायचं, तपासणी न झालेलं मटण कोणाला देता येत नाही, असं उत्तर आलं. पालिकेची कचऱ्याची गाडी ते घेऊन गेली. मामूंनी फडक्यात इतकं नीट गुंडाळलं होतं की उचलणाऱ्याच्या हाताला रक्तसुद्धा लागलं नाही.

दुसरी त्यांनी बोटांचे ठसे देताना विचारली. "बू फहद, वापस आने को मिलेगा ना? बच्ची की डिलिव्हरी है."

"इन्शाल्ला," बू फहद म्हणाले.

मला राग कशाचा जास्त आला सांगू? अल्लाचं नाव दोघांनीही घेतलं होतं. एकाने सुरी चालवताना, दुसऱ्याने मान सोडवून घेताना.

मामूंना विमानात बसवण्याआधी नसरीनला भेटू दिलं ते जाळीआडून. गावी न्यायला बांधलेले खोके अजून आमच्या हॉलमध्ये होते, ते मी नंतर कार्गोने पाठवले. बर्फ डिकीत वितळून गालिच्याखाली गेला आणि गाडीला महिनाभर कुबट वास येत होता.

व्हिजिट व्हिजाचा अर्ज केला. नाकारला. कारण लिहिलेलं नव्हतं, मंदूबने तोंडी सांगितलं: एकदा ठसे घेऊन पाठवलेला माणूस परत येत नाही. हे त्याला त्या दिवशीही माहीत होतं.

मुलगी झाली. चाळीस दिवस नसरीनने एकटीने काढले, म्हणजे मी होतो, पण मी किती उपयोगाचा. बू फहदना कोणीतरी सांगितलं असावं. त्यांच्याकडून भलीमोठी परात आली, भातावर अख्खा भाजलेला बकरा, बदाम-बेदाणे पेरलेला. नसरीन दारातच उभी राहिली. "हा माझ्या घरात येणार नाही," म्हणाली. "नेऊन कचऱ्यात टाक." मीही उचललाच होता. तेवढ्यात गावाहून मामूंचा फोन आला आणि तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"फेकू नको," मामू म्हणाले. "बकऱ्यानं काय केलाय? वाटून टाक."

मग आम्ही तो बिल्डिंगभर वाटला, वॉचमनपासून वरच्या मजल्यापर्यंत. आमच्या घरात एक घास शिरला नाही. मटण फार छान होतं, असं सगळे सांगत होते.

वाळवंटात जरूर जा. थंडीतलं आभाळ तिथून दिसतं तसं कुठूनच दिसत नाही. फक्त कोणाबरोबर जाता ते बघा, आणि ते निघाले की तुम्हीही निघा, मागे काहीही पडलेलं असो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण परदेशात राहायचं तर सल्ला हाच आहे.

त्या दिवशी वाटून झाल्यावर मामूंनी पुन्हा फोन केला. "नाक कुणाचा घेतलाय?" विचारलं. नसरीनने फोन मुलीच्या तोंडाशी नेऊन धरला. मुलगी गाढ झोपली होती, आणि तिकडून मामू हॅलो, हॅलो म्हणत राहिले.