बिनतिकिटाची तक्रार

उदगीरच्या पोस्टात आरडी भरायला गेलो की एक आजोबा दिसायचेच. नाव कधी विचारलं नाही. पाकीट चिकटवलं की तान्ह्या बाळासारखं थोपटायचे. टपालाचे दर वाढले तशी त्यांनी टपाल खात्याच्या दिल्लीच्या साहेबाला तक्रार लिहिली आणि तिकीट न लावताच पेटीत टाकली.

"बैरंग जाऊ द्या, बिनतिकिटाचं घेणाऱ्याला दुप्पट पडतंय. दर त्यानं वाढवला, दुप्पट पैसे बी त्यानंच भरावं."

साहेबानं अर्थातच घेतली नाही. पाकीट परत आलं आणि पोस्टमन ते दुप्पट पैसे आजोबांकडं मागू लागला.

"मीच लिवलंय, सगळं पाठ हाय मला. इकत कशाला घेऊ?"

पाकीट तेव्हापासून पोस्टातच पडून आहे. म्हणजे तक्रार जिथं पोचायला हवी होती, तिथंच पोचली. आणि तीही फुकटात.