पडायला जागा

"जागा बरी हाय पडायला," असे ते म्हणत. कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की माणसांआधी ते जमिनीकडे पाहत, मोज्यातली टाच कार्पेटवर दाबत आणि मग हा अभिप्राय देत. घरची मंडळी गोंधळत. एका बाईंनी तर मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले होते, की हे गृहस्थ जेवून जाणार आहेत की मुक्कामालाच आले आहेत. या माणसाने उभ्या आयुष्यात पडण्याचेच काम केले, आणि जागा पाहिल्याशिवाय पडायचे नाही हा त्या कामाचा पहिला नियम आहे, हे त्या बाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्यांची आणखी एक सवय होती. खोलीत कुठे तार आडवी पसरलेली दिसली, दिव्याची, चार्जरची, इस्त्रीची, की बोलता बोलता ते उठत, ती गुंडाळत आणि भिंतीच्या कडेला ठेवून परत येत. आम्ही याला टापटीप म्हणत असू. दुसऱ्याच्या सवयीचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो. तुम्हीही लावत असाल.

ते मूळचे कोल्हापूरकडचे. वडील पागेत मोतद्दार होते, त्यामुळे घोड्यांच्या पायांतच वाढले. विशीत यॉर्कशरमधल्या शर्यतीच्या तबेल्यात नोकरीला आले. तिथून सिनेमात कसे गेले, ते दर वेळी त्याच शब्दांत सांगत. स्पेनमधल्या माळरानावर त्या काळी काउबॉयचे चित्रपट निघत. दाखवायची अमेरिका आणि खर्च करायचा स्पेनच्या भावाने. त्यासाठी घोड्यावर मांड असलेले 'इंडियन' हवे आहेत, असा निरोप तबेल्यात आला. "मी म्हटलं, हाय की. पासपोर्ट दाखवला."

तिथे ते असंख्य वेळा मेले. सकाळी डोक्यात पिसे खोवून गोळी लागून पडायचे. दुपारी नायकाचा कोट, नायकाची टोपी आणि तोंडाला पांढरी भुकटी लावून सकाळच्या स्वतःचाच पाठलाग करायचा. "सकाळच्या मला दुपारचा मी कधी गाठू शकलो न्हाई बगा," असे म्हणून ते थांबत आणि आमचे हसणे संपेपर्यंत वाट पाहत. छपरावरून पडले, बग्गीवरून पडले, बहुतेक वेळा घोड्यावरून पडले. पडद्यावर त्यांचे तोंड कधीच दिसले नाही. ते दिसू न देणे हेच त्यांचे कसब होते.

आमची ओळख रुग्णालयात झाली. निवृत्त होईपर्यंत मी लीड्समध्ये एक्स-रे काढण्याचे काम केले. हे गृहस्थ मनगट धरून आले होते. बर्फावरून बस स्टॉपवर घसरले होते, आणि वेदनेपेक्षा त्यांना त्याची लाज अधिक वाटत होती. त्या काळी खरी फिल्म निघत असे. ती मी दिव्यासमोर धरली. ताज्या भेगेच्या आजूबाजूला मोडून जुळलेल्या हाडांचा जुना पसारा होता. मी कागदावरचे आडनाव पाहून मराठीतच विचारले, की हे सगळे काय आहे.

"ह्या फिल्ममधी तरी मी दिसतोय," ते म्हणाले.

पुढे मी एका कम्युनिटी हॉलमध्ये रविवारचा मराठी वर्ग चालवू लागलो. इथे जन्मलेली, आईवडिलांची भाषा अर्धीमुर्धी समजणारी प्रौढ माणसे त्याला येतात. पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी आलेले काही तरुण मला मदत करतात. हे गृहस्थ मागच्या रांगेत येऊन बसत. त्यांना शिकायचे काही नव्हते. मराठी कानावर पडावे, एवढेच. सगळे त्यांना आबा म्हणत. ते मला मास्तर म्हणत. वर्गाला कंटाळा आला की मी त्यांना पुढे बोलावत असे आणि एखादे पडणे सांगायला लावत असे. त्यांच्या पडण्यांवर मी कितीतरी रविवार निभावले.

मात्र सर्वांत मोठे पडणे कोणते, असे कोणी विचारले की ते जागेवर जाऊन बसत. उत्तर आम्हाला ठाऊक होते. एका चित्रपटाच्या शेवटी नायक भरधाव घोड्यासकट कोसळतो, त्या नायकाच्या कोटात आमचे आबा होते. तो चित्रपट त्यांनी कधी पाहिला नव्हता. कोणी लावू म्हटले तर ते टोपी उचलून घरी जात.

वर्ग सुटल्यावर ते गाजरांची पिशवी घेऊन बसने शहराबाहेर जात. तिथल्या एका कुरणात म्हातारे घोडे चरतात. एकदा मी बरोबर गेलो होतो. "काय पाव्हणं, जेवण झालं का?" असे प्रत्येक घोड्याला विचारून ते उघड्या तळव्यावर गाजर पुढे करीत आणि लगेच हात पाठीमागे घेत. थोपटले एकालाही नाही. आता कधी बसता की नाही, असे मी विचारले. "बसायचा हक्क न्हाई माझा," ते म्हणाले. मी ते वयाबद्दलचे बोलणे समजलो.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ते वर्गाच्या आधी आले आणि दारातच त्यांनी माझ्या हातात त्या चित्रपटाची डीव्हीडी ठेवली. दुकानातून नवी आणली होती.

"मास्तर, आज हे लावा. मी काय केलंय ते समद्यांना दिसू दे. मग माझ्याबरोबर चहा प्यायचा का न्हाई, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी काही विचारले नाही. न विचारणे हा माझा स्वभाव आहे. त्याला मी आजवर सभ्यता म्हणत आलो.

त्या दिवशी ते मागे बसले नाहीत. पडद्याच्या बाजूला, वर्गाकडे तोंड करून उभे राहिले. शेवटचा प्रसंग आला. दूरवरून घोडा निघाला, टापांचा आवाज वाढत गेला, धूळ उठली. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आणि दुसऱ्याच क्षणी नायक धुळीत पडलेला होता, टोपी बाजूला. पडणे मध्ये नव्हतेच. आम्ही तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा तेच.

पुण्याहून आलेल्या एका तरुणाने फोनवर शोधले आणि मोठ्याने सांगितले, की चित्रीकरणात जनावराला इजा झाली असेल तर तो तुकडा या देशात दाखवता येत नाही. जुना कायदा आहे. म्हणून इथे विकायच्या प्रतीतून तो कापला असणार. वर्गाला याची गंमत वाटली.

"म्हणजे आबा, ह्या देशात तुम्ही कधी पडलाच नाहीत," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

ते हसले नाहीत. वळून थांबलेल्या चित्रातल्या धुळीकडे पाहू लागले. जे स्वतःच्या तोंडाने सांगवत नव्हते ते चित्राकडून सांगवून घ्यायला ते आले होते, आणि चित्रातून ते कोणीतरी फार पूर्वीच काढून टाकले होते. हे मला त्या वेळी समजायला हवे होते. मी दिवे लावले.

आमच्या वर्गात कौन्सिलमध्ये नोकरी करणारी एक बाई आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी क्रियापदे तिच्या ताब्यात कधी येत नाहीत. तिने हात वर केला.

"आबा, पण मग तो घोडा कसा पाडला? आय मीन, दाखवलंच नाही ना."

पुन्हा हशा झाला. मी मास्तर. खडू घेऊन फळ्याकडे वळलो. दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि सांगितले, की घोडा पडला म्हणजे आपला आपण पडला. पाडला म्हणजे कोणीतरी त्याला खाली आणले. तुम्हाला पडला म्हणायचे आहे.

"सॉरी सर. पडला."

"न्हाई मास्तर," पाठीमागून आबांचा आवाज आला. "बाई बरोबर बोलली. पाडला."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले. आवाज चढवला नाही. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांना पट्टे बांधत, पट्ट्यांतून बारीक तार घेत, आणि तिचे टोक वर बसणाऱ्याच्या हातात असे. घोडा पुरत्या वेगात आला की तार ओढायची. पाय जागीच मागे खेचले जातात आणि घोडा नाकावर येतो. वर बसलेल्याला ते आधीपासून माहीत असते, म्हणून तो पाय रिकिबीतून काढून ठेवतो. घोड्याला माहीत नसते. तो आपला धावत असतो. हा घोडा त्याच दिवशी सकाळी कुठूनसा आणला होता, त्याला नाव नव्हते, म्हणून ते त्याला पाव्हणं म्हणत होते. दिवसभर त्याने त्यांचे सगळे ऐकले.

"माझ्यासाठी जमीन खणून मऊ केलेली हुती. मी सकाळीच टाच दाबून बघितली. म्हटलं, जागा बरी हाय पडायला. माझ्यापुरती बघितली. त्याची जागा कुणी बघितली न्हाई."

त्या दिवशी पडून ते उठले तेव्हा सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. घोडा उठला नाही. पुढचा पाय मोडला होता. मग एक माणूस बंदूक घेऊन आला. "माझ्या समद्या सिनेमांत तेवढी एक गोळी खरी हुती," ते म्हणाले.

मघाच्या तरुणाला काही तरी बोलून प्रसंग सावरावासा वाटला.

"आबा, त्या काळी सगळेच तसं करायचे."

"व्हय बाळा. समदेच करायचे. ती तार माझ्या हातात हुती."

चहाची वेळ झाली होती. मी डस्टर उचलला आणि फळा पुसू लागलो. दोनच शब्द होते. ते पुसायला मला फार वेळ लागला. पाठीमागे कपांचा आवाज येत होता. वळून पाहिले तेव्हा ते टेबलाच्या टोकाला बसले होते, आणि शेजारी खुर्ची ओढून ती कौन्सिलमधली बाई चहात बिस्किट बुडवत बसली होती. घोड्याला ते काय म्हणत होते, ते तिला नीट कळले नव्हते. ते तिला पाव्हणं या शब्दाचा अर्थ सांगत होते.

माझा चहा मी फळ्यापाशी उभ्यानेच घेतला.

त्यानंतरही ते रविवारी येत राहिले. मी त्यांना पुन्हा पुढे बोलावले नाही. त्यांना त्रास नको, असा माझा हिशेब होता. पण चहाचे ज्याचे त्याने ठरवावे असे ज्या माणसाने सांगितले होते, त्याने माझ्या त्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला असेल, हा विचार मी केला नाही. त्यांच्याबरोबर चहा प्यायचा नाही, असे मी काही ठरवले नव्हते. ते त्यांना सांगायला एक वाक्य पुरले असते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. अंथरुणात, झोपेत.

मार्चमध्ये मी गाजरे घेऊन त्या कुरणाकडे गेलो. कुंपणाच्या वरच्या तारेला हात-हात अंतरावर पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या होत्या, पार टेकडीपर्यंत. कुरणाची मालकीण बादल्या घेऊन चालली होती. तिने सांगितले, की म्हाताऱ्या गृहस्थांनी तिची परवानगी मागून त्या बांधल्या. धावत्या घोड्याला बारीक तार दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चिंध्या सदऱ्यांच्या होत्या. एकीला अजून गुंडीचे काज होते.

फाटकाजवळची एक सुटून लोंबत होती. मी हातमोजे काढले आणि ती पुन्हा बांधली. गाठ त्यांच्यासारखी बसली नाही. पलीकडे एक करडा घोडा उभा राहून ते पाहत होता. मी तळव्यावर गाजर ठेवले, हात पुढे केला, आणि त्याला जेवण झाले का म्हणून विचारले.