एक खोली ठेवा

नात रडायची थांबली, तेव्हा मी घाबरले. चार महिन्यांचं लेकरू. दुपारचे दोन वाजलेले, वीज सकाळपासून गेलेली, कूलर बंद. पाळण्याच्या लोखंडी दांडीला हात लावला तर चटका बसला. मी लेकरू उचललं, सुनेला मागे यायला सांगितलं आणि अनवाणीच गल्ली ओलांडून युसूफ मिस्त्रींच्या मातीच्या घरात शिरले.

मिस्त्री दारातच होते. "आत, भाभी. माठाजवळ," एवढंच म्हणाले. आणखी बोलायचा त्यांना हक्क होता. 

अकोल्याजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांचे स्लॅब मिस्त्रींनी टाकले. पण जुनं धाब्याचं घर, म्हणजे लाकडांवर जाड मातीचं सपाट छत असलेलं, पाडायच्या आधी ते भिंतीवर थाप मारायचे आणि घरमालकाला म्हणायचे, "एक खोली ठेवा." कोणी ठेवली नाही. लोक हसायचे. मिस्त्री टिकाव उचलायचे.

मी एकदा तोंडावर विचारलं, "लोकाले सिमेंट अन् सोताले माती. कंजूस आहा काय तुमी?"

"माती फुकट नाही, भाभी. दर साली पावसाच्या आंधी छतावर पांढरी माती टाकाव लागते. कंबर मोडते."

"मंग काहून ठेवता?"

"उन्हाळ्यात झोप लागते."

"अन् लोकाले स्लॅब काहून देता?"

"पोट आहे. मागते ते बांधतो. सांगाचं ते सांगतो."

आमचं धाबं आम्ही पोराच्या लग्नासाठी पाडलं. सून चांदूर रेल्वेची. तिच्या बापाने पोराचं शिक्षण विचारायच्या आधी स्लॅब आहे का ते विचारलं. मातीच्या घरात कोणी पोरगी द्यायला तयार नव्हतं. मिस्त्री माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पाटील, मागची खोली राहू द्या. अंगणातला निंबही राहू द्या." हे म्हणाले, "म्हातारे झाले मिस्त्री तुमी." मीही पाडा म्हटलं. ते लपवत नाही. निंब जिन्याच्या आड येत होता, तोही तोडला. मग एक कूलर आला, मग दुसरा. आम्ही सुधारलो.

गल्लीच्या तोंडाशी एकाने एसी बसवला, तेव्हा मिस्त्री त्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. म्हणाले, "हा डब्बा आतली गर्मी गल्लीत ओतते. मंग गल्लीनं कुठं ओताची?" तेव्हा मी हसले होते. आता उन्हाळा लागला की ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्या दुपारी मिस्त्रींच्या बायकोने ओढणी माठात बुडवून लेकराचं अंग पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. बऱ्याच वेळाने त्याने ओठ हलवले आणि सुनेच्या अंगावर प्यायला लागलं. मिस्त्री तेवढ्यात ह्यांना बोलवायला आमच्या घरी गेले. गल्लीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"पाटील, चला. खोली थंडी आहे."

"माह्यं घर सोडून तुमच्या मातीत बसू काय? लाइन येऊनच राहिली आता."

मिस्त्री तीनदा गेले. तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि भरलेलाच परत आणला. चार वाजता वीज आली. मी घरी गेले तर हे खाटेवर पडलेले, बोलेनात. कूलर चालू होता.

हे गेले, त्यानंतर मिस्त्रींनी नुसत्या स्लॅबचं काम धरलं नाही. यंदा पोराला वर मजला काढायचा आहे, एसीची खोली. तो त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "आंधी मांगं मातीची एक खोली. मंग वर जाऊ." पोराने दुसरा मिस्त्री पाहिला. आता अंगणात सिमेंटच्या थैल्या येऊन पडल्या आहेत आणि मी सकाळपासून त्यांच्यावर बसून आहे. मातीची खोली काढली तर लोक म्हणतील, याचं बसलं, पैसे संपले, असं पोरगा म्हणतो.

"आई, ऊठ नं."

मी उठत नाही. त्या दिवशी तो कामावर होता, म्हणून त्याला पुन्हा सांगते. "तुही पोरगी वाचली. तुही बायको वाचली. मी वाचली. अन् तुह्या बापाहून सहा सालानं मोठे मिस्त्री, तेही वाचले."