दाखलेवाले काका

मुलं गाव सोडून जाताना इतका कासावीस होणारा कारकून दुसरा झाला नसेल. आमच्या वेंगुर्ल्याच्या कॉलेजातल्या या गृहस्थांना आम्ही दाखलेवाले काका म्हणत असू, पण कुणी कॉलेज सोडल्याचा दाखला मागितला की त्यांची टाळाटाळ सुरू होई. आधी चष्मा हरवे. तो कपाळावर सापडला की शिक्क्याची शाई वाळलेली असे, आणि ती वाळावी म्हणून डबीचं झाकण त्यांनीच सकाळपासून उघडं ठेवलेलं असे. मग ‘उद्या या’. उद्या गेलं की भाजलेले काजू पुढ्यात ठेवून समजूत घालत. तहसील कचेरीतल्या एका साहेबांच्या मुलाच्या दाखल्यावर ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी ‘वडिलांची बदली’ लिहून पुढे कंसात ‘नाइलाज’ असंही लिहिलं होतं. प्राचार्यांनी ते खोडायला लावलं, तर काका त्या दिवशी जेवले नाहीत.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. मी अकरावी सायन्सला दुसरी आले होते, आणि दुसरी येणं हा कॉलेजचा दोष आहे असं माझं ठाम मत होतं. म्हापशाच्या मावशीकडे राहून बारावी गोव्यात करायची, पहिलं यायचं, डॉक्टर व्हायचं आणि वेंगुर्ल्याला फक्त सुट्टीत दर्शन द्यायचं, असा बेत. आज तेव्हाची ती पोरगी समोर आली तर दोन्ही वेण्या धरून तिला आधी खाली बसवीन. बाबा अर्जावर सही करून मोकळे झाले. काकांनी मात्र तीन दिवस टोलवलं. ऑफिसात ते छापील मराठी बोलत, कळवळले की मालवणीवर येत. चौथ्या दिवशी म्हणाले, “थंय तुझा कोण आसा गो?”

“मावशी आसा.”

“मावशी वर्गात बसतली तुझ्यावांगडा? आणि बारावी थंय केलंस तर हयले मेडिकलवाले तुका दारात उभी करतले काय? इचारलंस कोणाक?”

मी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, मी हुशार होते. सोडण्याचं कारण मी ऐटीत सांगितलं, “उज्ज्वल भवितव्य.” काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ‘स्वतःची इच्छा’ असं लिहिलं.

म्हापशाला वर्गातल्या मुली पहिलीपासून एकमेकींच्या होत्या. मी डबा खिडकीकडे तोंड करून खाई. रविवारी स्टँडवर जाऊन वेंगुर्ल्याची एस्टी सुटताना बघे. चढत नसे, ताठा होता ना. मार्क मात्र भरपूर पडले. गोव्याच्या मेडिकलने सांगितलं, तुम्ही इथल्या रहिवासी नाही. महाराष्ट्राने सांगितलं, तुमची बारावी इथली नाही. दोघांनीही मला ‘तुम्ही’ म्हटलं, तेवढाच काय तो मान.

शेवटी बी.एस्सी.चा अर्ज घेऊन पुन्हा काकांच्या टेबलापाशी आले. आता टोमणा येणार म्हणून मान खाली. दाखल्यांचं जुनं पुस्तक काढून काकांनी माझी स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहणारा अर्धा भाग, उघडली. ‘शेरा’ या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘परत येईल’. खोडरबर घेऊन त्यांनी ते सावकाश खोडलं आणि कागदावर फुंकर मारली.

“बस गो. माझो चष्मो खंय गेलो बघ.”

चष्मा कपाळावरच होता. ते टेबलाखाली शोधत होते तोवर मी पुस्तक उलटून पाहिलं. मागच्या प्रत्येक पानावर, त्या साहेबांच्या मुलाच्याही, पेन्सिलीने तेच दोन शब्द होते. खोडलेलं पान माझं एकटीचंच.